रक्तात पेशी आहेत, पण त्या लढत नाहीत: टी-पेशीच्या आत निरोप कसा पोहोचतो?

काही महिन्यांचे बाळ. वारंवार न्यूमोनिया होतो, तोंडातली पांढरी बुरशी औषधाने जाते आणि पुन्हा येते, जुलाब थांबत नाहीत, वजन वाढत नाही. डॉक्टरांना प्रतिकारशक्तीचा आजार असावा अशी शंका येते आणि ते रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजायला सांगतात. अहवालात टी-पेशी दिसतात. एक प्रकार जवळजवळ नाही, पण दुसरा भरपूर आहे. तरीही बाळ साध्या जंतूंपुढे हतबल आहे.

या कोड्याचे उत्तर १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनांतून मिळाले. अशा काही मुलांच्या टी-पेशींमध्ये ‘झॅप-७०’ नावाचे एकच प्रथिन नव्हते किंवा निकामी होते. पेशीच्या बाहेरचा रिसेप्टर शाबूत होता आणि तो जंतू ओळखतही होता. पण ओळख पटल्याचा निरोप पेशीच्या आत पोहोचत नव्हता.

हा निरोप नेमका कसा जातो, वाटेत कोणकोणती प्रथिने असतात, साखळी तुटली तर काय होते आणि याच साखळीवर अवयव प्रत्यारोपणाची व कर्करोगाची औषधे कशी काम करतात, ते क्रमाने पाहू.

टी-पेशी म्हणजे काय?

रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी टी-पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होतात, म्हणून नावात ‘टी’. प्रौढ माणसाच्या शरीरात त्या शेकडो अब्जांच्या संख्येने असतात. ढोबळमानाने त्यांचे दोन मोठे गट पडतात. ‘सीडी८’ गटातल्या पेशी विषाणूने ग्रासलेल्या किंवा कर्करोगी पेशींना थेट मारतात. ‘सीडी४’ गटातल्या पेशी इतर पेशींना कामाला लावतात. एचआयव्हीच्या रुग्णांमध्ये ‘सीडी४ काउंट’ मोजतात, तो याच पेशींचा.

प्रत्येक टी-पेशीच्या पृष्ठभागावर हजारो रिसेप्टर असतात. रिसेप्टर म्हणजे ग्राही, निरोप घेणारे प्रथिन. टी-पेशीच्या या खास रिसेप्टरला ‘टीसीआर’ म्हणतात. एका पेशीवरचे टीसीआर साधारणपणे एकाच साच्याचे असतात, पण दुसऱ्या पेशीवरचे वेगळे. त्यामुळे कोणती ना कोणती टी-पेशी जवळजवळ कोणत्याही नव्या जंतूचा तुकडा ओळखू शकते.

हे तुकडे टी-पेशीला दाखवण्याचे काम शरीरातल्या इतर पेशी करतात. पेशीच्या आत जी प्रथिने असतील त्यांचे बारीक तुकडे करून त्या आपल्या पृष्ठभागावर ‘एमएचसी’ नावाच्या प्रथिनाच्या खोबणीत मांडतात. टी-पेशी एकेका पेशीला खेटून हे तुकडे तपासत फिरते. तुकडा आपल्याच शरीराचा असेल तर पुढे जाते. परका असेल तर थांबते. ‘थांब, इथे काहीतरी गडबड आहे’ हा निरोप इथूनच सुरू होतो.

रिसेप्टरची अडचण काय?

टीसीआरचा बाहेरचा भाग तुकडा ओळखण्यात तरबेज असतो. पण पेशीच्या पटलातून आत आलेली त्याची शेपूट अगदीच आखूड, जेमतेम काही अमिनो आम्लांची असते. तिला आत कोणालाही काही सांगता येत नाही. दारावरची घंटा आहे, पण तिची तार घरात आलेलीच नाही, अशी ही स्थिती.

ही तार दुसरी प्रथिने पुरवतात. टीसीआरला चिकटून ‘सीडी३’ गटातली प्रथिने आणि ‘झीटा’ नावाच्या साखळीची जोडी असते. त्यांच्या शेपट्या लांब असून पेशीच्या आत लोंबत असतात. या शेपट्यांवर ठरावीक अंतराने एक विशिष्ट रचना पुन्हा पुन्हा येते. १९८९ साली मायकेल रेथ या शास्त्रज्ञाने हे साम्य दाखवून दिले. पुढे या रचनेला ‘आयटॅम’ असे नाव पडले. एका टीसीआर संचात असे १० आयटॅम असतात, त्यांतले ६ झीटाच्या जोडीवर. प्रत्येक आयटॅममध्ये टायरोसिन या अमिनो आम्लाचे दोन रेणू असतात. म्हणजे एका रिसेप्टरच्या आतल्या बाजूला एकूण २० टायरोसिन खूण उमटण्याची वाट पाहत असतात.

खूण कसली? फॉस्फेटची

पेशीच्या आतले बरेचसे निरोप फॉस्फेटच्या खुणेने जातात. एखाद्या प्रथिनावर फॉस्फेटचा छोटा गट चिकटला की त्याचा आकार किंवा विद्युतभार बदलतो. ते प्रथिन जागे होते, झोपते किंवा दुसऱ्या प्रथिनाला धरू शकते. फॉस्फेट चिकटवणाऱ्या प्रथिनांना ‘कायनेज’ म्हणतात आणि काढून टाकणाऱ्यांना ‘फॉस्फेटेज’. चिकटवणे आणि काढणे अशा दोन्ही क्रिया सतत चालू असतात, म्हणून निरोप सुरूही करता येतो आणि थांबवताही येतो. ही उलटसुलट होणारी क्रिया शोधल्याबद्दल एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांना १९९२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

टायरोसिनवर फॉस्फेट लागते हे मात्र बराच काळ कोणाच्या लक्षात आले नव्हते. १९७९ साली अमेरिकेत टोनी हंटर विषाणूच्या एका प्रथिनावर प्रयोग करत होते. प्रयोगात वापरायचे द्रावण ताजे न करता जुनेच पुन्हा वापरले गेले होते आणि त्याची आम्लता किंचित बदलली होती. त्या फरकामुळे एरवी एकाच ठिपक्यात मिसळून जाणारे दोन पदार्थ वेगळे दिसले. त्यातला एक होता फॉस्फेट लागलेला टायरोसिन. पुढे कळले की पेशींची वाढ, कर्करोग आणि प्रतिकारशक्ती या तिन्हींच्या निरोपांत ही खूण मोक्याची आहे.

पहिला दुवा: एलसीके

टी-पेशीत पहिली खूण उमटवणारे कायनेज म्हणजे ‘एलसीके’. ते पटलाला आतल्या बाजूने चिकटलेले असते आणि त्याचा काही भाग सीडी४ किंवा सीडी८ या प्रथिनांच्या शेपटीला धरून असतो. टीसीआरने एमएचसीवरचा तुकडा धरला की सीडी४ किंवा सीडी८ त्याच एमएचसीला बाजूने धरते. त्यामुळे एलसीके आपोआप टीसीआरच्या शेपट्यांजवळ येते आणि आयटॅममधल्या टायरोसिनवर फॉस्फेट चिकटवू लागते.

मग एरवी, म्हणजे तुकडा सापडलेला नसताना, एलसीके हे काम का करत नाही? थोडेफार करतेही. पण जवळच ‘सीडी४५’ नावाचे फॉस्फेटेज असते. ते शेपट्यांवर लागलेले फॉस्फेट लगेच काढून टाकते. खूण उमटते आणि पुसली जाते, त्यामुळे निरोप पुढे सरकत नाही.

तुकडा सापडल्यावर दोन पेशी एकमेकींना इतक्या खेटतात की मधे फार थोडी जागा उरते. सीडी४५ चा बाहेरचा भाग लांब आणि बोजड असल्याने ते त्या अरुंद जागेत मावत नाही आणि बाजूला ढकलले जाते. पुसणाराच दूर गेला की खुणा टिकतात. निरोप सुरू कसा होतो याचे हे आज बऱ्याच शास्त्रज्ञांना पटलेले स्पष्टीकरण आहे.

गंमत म्हणजे सीडी४५ एका अर्थाने मदतही करते. एलसीकेच्या स्वतःच्या शेपटीवर एक फॉस्फेट असते, ते त्याला मिटवून ठेवते. ते काढून एलसीकेला तयारीत ठेवण्याचे काम सीडी४५ चेच. म्हणून सीडी४५ अजिबात नसलेल्या टी-पेशीही नीट काम करत नाहीत.

दुसरा दुवा: झॅप-७०

आयटॅमवर दोन्ही फॉस्फेट लागले की तिथे झॅप-७० येऊन बसते. नाव सरळ आहे: झीटा साखळीशी जोडले जाणारे, ७० किलोडाल्टन वजनाचे प्रथिन. १९९२ साली अँड्र्यू चॅन, आर्थर वाइस आणि सहकाऱ्यांनी त्याचे जनुक वेगळे केले. झॅप-७० ला फॉस्फेट धरणाऱ्या दोन पकडी असतात. आयटॅममधल्या दोन टायरोसिनवर या दोन पकडी बरोबर बसतात. एकाच टायरोसिनवर खूण असेल तर पकड घट्ट होत नाही. चुकून लागलेल्या एखाद्या खुणेमुळे सगळी पेशी पेटू नये, याची ही पहिली तजवीज.

झॅप-७० बसले की एलसीके त्याच्यावरही फॉस्फेट लावते. मग ते स्वतः कायनेज म्हणून कामाला लागते आणि पुढच्या प्रथिनांवर खुणा करते.

तिसरा दुवा: लॅट

या पुढच्या प्रथिनांत सगळ्यात महत्त्वाचे ‘लॅट’. त्याचे जनुक १९९८ साली लॉरेन्स सॅमेलसन यांच्या गटाने शोधले. लॅट स्वतः कोणतीही रासायनिक क्रिया करत नाही. पटलातून आत आलेली लांब शेपूट आणि तिच्यावरचे टायरोसिन, एवढेच त्याचे भांडवल. पण झॅप-७० ने त्यांवर खुणा केल्या की एकेका खुणेवर वेगवेगळी प्रथिने येऊन बसतात. एसएलपी-७६ नावाचा जोडीदारही तिथे येतो. बघता बघता पटलाच्या आतल्या बाजूला प्रथिनांचा दाट पुंजका तयार होतो.

लॅटमुळे एकटा निरोप अनेक वाटांनी फुटतो. गावच्या चावडीवर बातमी आली की तिथून कोणी शेताकडे, कोणी तालुक्याला, कोणी नातेवाइकांकडे धावतो, तसेच काहीसे.

इथून तीन वाटा

लॅटच्या पुंजक्यात ‘पीएलसी-गॅमा-१’ हे प्रथिन जागे होते. ते पटलातला एक मेदरेणू कापते आणि त्याचे दोन तुकडे होतात. एक तुकडा पेशीच्या आतल्या द्रवात सुटतो, दुसरा पटलातच राहतो. दोन्ही तुकडे निरोप्याचे काम करतात.

पहिली वाट कॅल्शियमची. सुटलेला तुकडा पेशीतल्या कॅल्शियमच्या कोठारावर जाऊन त्याचे दार उघडतो. कोठार रिकामे होऊ लागले की ‘स्टिम-१’ नावाच्या प्रथिनाला ते कळते आणि ते पटलावरचा ‘ओराय-१’ हा मार्ग उघडते. पेशीबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट जास्त असते, त्यामुळे ते वेगाने आत येते. वाढलेले कॅल्शियम ‘कॅल्सिन्युरिन’ला जागे करते. कॅल्सिन्युरिन हे फॉस्फेटेज, म्हणजे फॉस्फेट काढणारे. ते ‘एनफॅट’ या प्रथिनावरचे फॉस्फेट काढते आणि मोकळे झालेले एनफॅट पेशीच्या केंद्रकात शिरते. इथे खूण लावण्याऐवजी खूण पुसणे हाच निरोप असतो.

दुसरी वाट ‘रास’ या प्रथिनाची. तिथून कायनेजची एक साखळी सुरू होते. एकाने दुसऱ्यावर, दुसऱ्याने तिसऱ्यावर फॉस्फेट लावत निरोप केंद्रकापर्यंत जातो आणि ‘एपी-१’ जागे होते.

तिसरी वाट ‘एनएफ-कप्पा-बी’ची. हे प्रथिन एरवी एका दुसऱ्या प्रथिनाच्या मिठीत अडकलेले असते. निरोप आला की अडवणारे प्रथिन नष्ट केले जाते आणि एनएफ-कप्पा-बी केंद्रकात जाते.

केंद्रकात ही तिन्ही प्रथिने डीएनएवर आपापल्या जागी बसतात. ‘इंटरल्युकिन-२’ हे टी-पेशींना वाढायला लावणारे रसायन. त्याचे जनुक नीट चालू व्हायला तिन्ही वाटांचे निरोप लागतात. बँकेचा लॉकर एका किल्लीने उघडत नाही, तसेच.

या सगळ्याला वेळ किती लागतो?

तुकडा धरल्यापासून शेपट्यांवर फॉस्फेट लागायला काही सेकंद पुरतात. पेशीतले कॅल्शियम साधारण मिनिटाभरात वाढते. एनफॅट काही मिनिटांत केंद्रकात शिरते. इंटरल्युकिन-२ तयार होऊन बाहेर पडायला काही तास लागतात. पेशीचे पहिले विभाजन व्हायला साधारण एक दिवस किंवा त्याहून अधिक काळ जातो. मग मात्र संख्या झपाट्याने वाढते. संसर्गानंतर काही दिवसांनी मानेतल्या किंवा काखेतल्या गाठी सुजतात, त्याचे एक कारण म्हणजे तिथे चाललेली ही पेशींची वाढ.

चूक कशी टळते?

टी-पेशीपुढे येणारे बहुतेक तुकडे आपल्याच शरीराचे असतात. परके तुकडे त्यांत मोजकेच. तरीही टी-पेशी अवघ्या काही परक्या तुकड्यांवर जागी होऊ शकते आणि हजारो स्वकीय तुकड्यांकडे दुर्लक्ष करते. हे कसे जमते?

यातला मोठा भाग वेळेचा आहे. परका तुकडा टीसीआरमध्ये काही सेकंद टिकून राहतो. स्वकीय तुकडा त्याआधीच निसटतो. वर पाहिलेली साखळी एका दमात पुरी होत नाही: आधी दोन फॉस्फेट, मग झॅप-७० चे बसणे, मग त्याचे जागे होणे, मग लॅटवरच्या खुणा. तुकडा मधेच निसटला तर फॉस्फेटेज सगळ्या खुणा पुसून टाकतात आणि हिशोब पुन्हा शून्यावर येतो. पुरेसा वेळ टिकलेलाच निरोप शेवटपर्यंत पोहोचतो. १९९५ साली टिमोथी मॅककिथन यांनी हे गणिताने मांडले. साखळीत इतके दुवे कशाला, या प्रश्नाचे हे एक उत्तर आहे. प्रत्येक दुवा म्हणजे आणखी एक पडताळणी.

दुसरी पडताळणी वेगळ्याच रिसेप्टरची. टी-पेशीवर ‘सीडी२८’ असते. समोरच्या पेशीला खरोखर धोक्याची चाहूल लागलेली असेल तर ती पृष्ठभागावर ‘बी७’ प्रथिन वाढवते आणि सीडी२८ ते धरते. टीसीआरचा निरोप आला पण सीडी२८ चा आला नाही, तर नवखी टी-पेशी लढायला उठण्याऐवजी उलट सुस्त होते.

ब्रेक कुठे आहेत?

लढाई संपल्यावर ती थांबवावीही लागते. त्यासाठी टी-पेशीवर ‘सीटीएलए-४’ आणि ‘पीडी-१’ असे रिसेप्टर येतात. सीटीएलए-४ हे सीडी२८ चे बी७ हिसकावून घेते. पीडी-१ च्या शेपटीवर फॉस्फेट लागले की तिथे ‘एसएचपी-२’ हे फॉस्फेटेज येऊन बसते आणि जवळच्या रिसेप्टरांवरच्या, विशेषतः सीडी२८ वरच्या खुणा पुसते.

अनेक कर्करोगी पेशी पीडी-१ ला धरणारे प्रथिन आपल्या अंगावर वाढवतात आणि टी-पेशीला ब्रेक लावतात. हा ब्रेक सोडवणारी औषधे आली आणि काही कर्करोगांच्या उपचाराचे चित्र बदलले. या शोधांसाठी जेम्स अॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. ब्रेक सोडल्याची किंमतही असते. काही रुग्णांमध्ये मोकाट टी-पेशी स्वतःच्याच थायरॉइडवर, आतड्यांवर, फुप्फुसांवर किंवा यकृतावर हल्ला करतात.

दुवा तुटला तर?

झॅप-७० नसलेल्या मुलांमध्ये सीडी८ पेशी थायमसमध्ये नीट तयारच होत नाहीत. सीडी४ पेशी तयार होतात, पण रिसेप्टरचा निरोप पुढे जात नसल्याने निरुपयोगी ठरतात. म्हणून नुसत्या पेशी मोजून चालत नाही. प्रयोगशाळेत त्या पेशींना चेतवून त्या वाढतात का, हेही पाहावे लागते. २००६ साली अशाच एका गंभीर आजाराच्या मुळाशी ओराय-१ मधला दोष सापडला. तिथे पेशी होत्या, पण कॅल्शियम आत येत नव्हते.

बी-पेशी म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी. त्यांच्यातही अशीच साखळी असते. १९५२ साली ऑग्डेन ब्रुटन या अमेरिकी लष्करी डॉक्टरने वारंवार संसर्ग होणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाच्या रक्तात प्रतिपिंडांचा अंश जवळजवळ नसल्याचे नोंदवले. त्यामागचा दोष १९९३ साली सापडला. तो एका कायनेजमध्ये होता आणि त्याला ब्रुटन यांचेच नाव मिळाले: ‘बीटीके’. आज काही रक्ताच्या कर्करोगांत हेच बीटीके मुद्दाम बंद करणारी औषधे दिली जातात. त्यांतले पहिले, इब्रुटिनिब, अमेरिकेत २०१३ साली मंजूर झाले.

झॅप-७० चा आजार होण्यासाठी आई आणि वडील अशा दोघांकडून जनुकाची सदोष प्रत यावी लागते. आईवडील स्वतः निरोगी असतात. जवळच्या नात्यातल्या लग्नांत, उदाहरणार्थ आते-मामे भावंडांच्या लग्नात, दोघांकडे एकच सदोष प्रत असण्याची शक्यता वाढते. घरात आधी एखादे मूल तान्हेपणीच संसर्गाने दगावले असेल, तर ही माहिती डॉक्टरांना आवर्जून सांगावी. भारतात बाळाला जन्मल्यावर बीसीजी दिली जाते. ती जिवंत, दुबळ्या केलेल्या जंतूंची लस आहे. निरोगी बाळांना ती सुरक्षित आहे, पण टी-पेशी काम करत नसतील तर तिचाही संसर्ग पसरू शकतो. म्हणून कुटुंबात असा आजार माहीत असल्यास लसीआधी बालरोगतज्ज्ञांशी बोलणे गरजेचे असते. अशा आजारांचे निदान मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील आयसीएमआरच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत होते. वेळेत निदान झाले तर अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने मूल बरे होऊ शकते.

साखळी मुद्दाम तोडणारी औषधे

मूत्रपिंड किंवा यकृत बदलल्यावर टी-पेशी नव्या अवयवाला परका समजतात. हा हल्ला थांबवण्यासाठी दिले जाणारे सायक्लोस्पोरिन नॉर्वेतल्या मातीच्या नमुन्यातल्या बुरशीपासून मिळाले. टॅक्रोलिमस जपानमधल्या त्सुकुबा भागातल्या मातीतल्या जिवाणूपासून. दोन्ही औषधे वापरात येत होती, पण त्यांचे नेमके काम १९९१ साली उलगडले. दोन्ही कॅल्सिन्युरिनला अडवतात. एनफॅटवरचे फॉस्फेट निघत नाही, ते केंद्रकात शिरत नाही आणि इंटरल्युकिन-२ बनत नाही.

प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाने बरे वाटते म्हणून गोळी चुकवू नये, यामागचे कारणही हेच. औषध टी-पेशीला मारत नाही, फक्त निरोप अडवून धरते. औषधाचे प्रमाण उतरले की साखळी पुन्हा जोडली जाते आणि नवा अवयव धोक्यात येतो.

साखळी नव्याने जोडणारा उपचार: कार-टी

१९९१ साली आर्थर वाइस यांच्या प्रयोगशाळेत एक साधा पण महत्त्वाचा प्रयोग झाला. झीटाची आतली शेपूट दुसऱ्याच प्रथिनाच्या बाहेरच्या भागाला जोडली. तो बाहेरचा भाग चेतवला तरी टी-पेशी जागी झाली. म्हणजे आतली तार तीच असेल तर बाहेरची घंटा बदलता येते. त्याआधी १९८९ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेत झेलिग एशहार यांच्या गटाने प्रतिपिंडाचा ओळखणारा भाग टीसीआरला जोडून दाखवला होता.

या दोन कल्पनांतून ‘कार-टी’ उपचार उभा राहिला. रुग्णाच्याच टी-पेशी काढून त्यांत नव्या रिसेप्टरचे जनुक घालतात. बाहेर कर्करोगी बी-पेशीवरचे ‘सीडी१९’ ओळखणारा भाग, आत झीटाची शेपूट आणि सोबत सीडी२८ किंवा ‘४-१बीबी’ यांसारखा दुसरा निरोप देणारा तुकडा. या पेशी वाढवून रुग्णाला परत देतात. अमेरिकेत असा पहिला उपचार २०१७ साली मंजूर झाला.

भारतात विकसित झालेला ‘नेक्सकार१९’ हा कार-टी उपचार आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या सहकार्यातून आला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला केंद्रीय औषध नियामकांची मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी आयआयटी मुंबईत त्याचे लोकार्पण केले. अमेरिकेतल्या पहिल्या उपचाराची जाहीर किंमत ४,७५,००० डॉलर होती. भारतीय उपचाराचा खर्च त्याच्या कितीतरी कमी असला तरी तो लाखो रुपयांत आहे. उपचारही जोखमीचा असतो. एकाच वेळी असंख्य टी-पेशी चेतल्या की रसायनांचे वादळ उठून रुग्णाला तीव्र ताप येतो, रक्तदाब घसरतो. म्हणून तो ठरावीक रुग्णालयांत, देखरेखीखालीच देतात.

मग ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणजे काय?

समाजमाध्यमांवर काढे, पावडरी आणि गोळ्यांच्या जाहिराती ‘इम्युनिटी वाढवा’ असे सांगतात. जणू ती रेडिओच्या आवाजासारखी एका बटणाने वाढते. प्रत्यक्षात टी-पेशीच्या आत चेतवणारे आणि थांबवणारे दुवे एकाच वेळी काम करत असतात. निरोप पोहोचला नाही तर साधा संसर्ग जीव घेऊ शकतो. निरोप थांबलाच नाही तर शरीर स्वतःवरच उलटते. संधिवात, सोरायसिस यांसारख्या आजारांत तर डॉक्टर हे निरोप कमी करणारी औषधे देतात. अशा रुग्णाने ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे, ते याचसाठी.

लस मात्र या साखळीला तिच्याच नियमांनी वापरते. जंतूचा निरुपद्रवी तुकडा आणि धोक्याची चाहूल अशा दोन्ही गोष्टी ती एकत्र देते. टीसीआर तुकडा ओळखते, सीडी२८ ला बी७ मिळते, एलसीके, झॅप-७० आणि लॅट आपापले काम करतात आणि त्या जंतूला ओळखणाऱ्या पेशींची संख्या वाढते. लढाई संपल्यावर त्यांतल्या काही आठवण म्हणून शरीरात उरतात. खरा जंतू आला की निरोप पोहोचायला पुन्हा काही सेकंदच लागतात, पण या वेळी तो ऐकायला कितीतरी जास्त पेशी तयार असतात.